मुरुमांच्या औषधांच्या काळात डोळ्यांची आणि त्वचेची निगा

इंदूरमध्ये डोळे तपासून चष्म्याचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर काढून देण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करते. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या भागांतील मराठी घरांमधली मुले माझ्याकडे येतात, तशीच भंवरकुआँ भागात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खंडवा, बुरहाणपूर, देवासकडची मुलेही येतात. ‘काकू, लेन्स टोचते आहे’ किंवा ‘काकू, नंबर वाढलाय वाटतं’ असे म्हणत आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या ओठांकडे माझे लक्ष आता आधी जाते. ओठ सोललेले आणि कोपऱ्यांत चिरलेले दिसले की मी विचारते, मुरुमांसाठी कॅप्सूल चालू आहे का? बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी असते. त्या कॅप्सूलचा डोळ्यांशी काही संबंध आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. कोणी सांगितले असले तरी ओपीडीच्या गर्दीत ते मनावर ठसलेले नसते.

ही औषधे वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. खोलवर गाठी होऊन चेहऱ्यावर कायमचे खड्डे पाडणारे मुरूम ज्या मुलामुलींनी भोगले आहेत, त्यांच्यासाठी ही औषधे मोठा आधार आहेत. औषध कोणते, किती आणि किती दिवस हे त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचे असते आणि ते बंद करण्याचा निर्णयही त्यांचाच असतो. घरच्या घरी काय करायचे, काय टाळायचे आणि कोणत्या क्षणी थांबून डॉक्टरांकडे जायचे, एवढेच मी येथे क्रमाने सांगणार आहे.

पहिली पायरी : चिठ्ठी वाचणे

मुरुमांवर साधारणपणे तीन प्रकारची औषधे दिली जातात आणि तिन्हींचे त्रास वेगळे असतात. चेहऱ्याला लावायच्या मलमांमध्ये अ‍ॅडापॅलीन, ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्लिंडामायसिन ही नावे दिसतील. पोटात घ्यायच्या प्रतिजैविकांमध्ये डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन असते. तिसरी आणि सर्वांत प्रभावी आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल. ब्रँडचे नाव काहीही असले तरी पाकिटावर मूळ औषधाचे नाव छापलेले असते. ते वहीत लिहून ठेवावे आणि पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तापासाठी किंवा दातासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा फोटो दाखवणे का आवश्यक आहे, ते पुढे येईल.

या लेखाचा मोठा भाग आयसोट्रेटिनॉइनविषयी आहे, कारण डोळ्यांचा आणि त्वचेचा सर्वाधिक त्रास त्यानेच होतो. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले हे औषध अ जीवनसत्त्वाच्या कुळातील आहे. त्वचेतील तेलग्रंथींना ते आकसवते, त्यामुळे तेल कमी स्रवते, छिद्रे बुजत नाहीत आणि मुरूम मुळापासून शमतात. सर्वसाधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.५ ते १ मिलिग्रॅम असे त्याचे प्रमाण असते. आपल्याकडे अनेक डॉक्टर त्याहून कमी मात्राही देतात. मात्रा जितकी जास्त, तितका कोरडेपणा जास्त, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून ‘लवकर बरे व्हावे’ या उतावीळपणाने एकाच्या दोन कॅप्सूल करू नयेत. कॅप्सूल भरल्या पोटी, तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घ्यावी. स्निग्ध पदार्थांसोबत ती कितीतरी अधिक शोषली जाते. सकाळी घाईत नुसत्या चहाबरोबर घेण्यापेक्षा दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घेणे चांगले.

दुसरी पायरी : पहिली कॅप्सूल घेण्यापूर्वी

डॉक्टर यकृताची आणि रक्तातील चरबीची तपासणी सांगतात. ती टाळू नये आणि पुढेही सांगतील तेव्हा पुन्हा करावी. मल्टिव्हिटामिन, कॉडलिव्हर ऑइल किंवा ‘केसांसाठीच्या’ गोळ्या चालू असतील तर त्यांत अ जीवनसत्त्व आहे का, ते पाहून डॉक्टरांना सांगावे. औषध त्याच कुळातील असल्याने वरून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाची भर अपायकारक ठरते. पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तेही लपवू नये, आणि औषधाच्या काळात मन फार उदास राहू लागले तर घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मी नेहमी आईला जवळ बसवून सांगते. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहिला तर बाळामध्ये गंभीर जन्मजात व्यंगे निर्माण होण्याचा धोका फार मोठा असतो, औषध थोडेच दिवस घेतले असले तरीही. म्हणून औषधाच्या १ महिना आधीपासून ते संपल्यानंतर १ महिन्यापर्यंत गर्भधारणा पूर्णपणे टाळावी लागते. आपल्याकडे लग्न ठरले की चेहरा नितळ व्हावा म्हणून धावपळ सुरू होते, मैत्रिणीची उरलेली पाकिटेही मागून घेतली जातात. या औषधाच्या बाबतीत तो खेळ जिवावरचा आहे. लग्नाची तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. विषय संकोचाचा वाटला तरी तो त्याच खोलीत बोलला गेला पाहिजे.

डोळ्यांच्या दृष्टीने पूर्वतयारी सोपी आहे. ज्यांना आधीच डोळे चुरचुरण्याचा त्रास आहे, पापण्यांच्या कडांना कोंडा होतो किंवा जे लेन्स वापरतात, त्यांनी औषध सुरू होण्यापूर्वी एकदा डोळे तपासून घ्यावेत आणि योग्य नंबरचा चष्मा तयार ठेवावा. फक्त लेन्सवर अवलंबून असलेली आणि चष्मा तीन वर्षांपूर्वीचा असलेली मुलेच पुढे सर्वांत जास्त अडचणीत येतात.

तिसरी पायरी : डोळ्यांचा कोरडेपणा ओळखणे आणि सांभाळणे

डोळ्यांवरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्या पाण्यावर तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि तो पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४०, तर खालच्या पापणीत २० ते ३० असतात. या ग्रंथी त्वचेतल्या तेलग्रंथींच्या सख्ख्या बहिणी आहेत. जे औषध गालावरच्या तेलग्रंथींना आकसवते, ते पापणीतल्या ग्रंथींनाही आकसवते. म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा हा औषधाचा अपघात नसून त्याच्या कामाचाच दुसरा परिणाम आहे. हे एकदा समजले की घाबरणेही कमी होते आणि हयगयही.

लक्षणे फसवी असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, संध्याकाळी जळजळ वाढते, वाचताना अक्षर धूसर होते आणि दोनदा पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट दिसते. या शेवटच्या लक्षणाला मुले ‘नंबर वाढला’ असे समजतात. त्याहून फसवे लक्षण म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहणे. एका मुलाच्या खोलीतले सोबती त्याला घरची आठवण येते म्हणून चिडवत असत, कारण रात्री पुस्तक उघडले की त्याचे डोळे वाहू लागत. पृष्ठभाग कोरडा पडला की डोळा घाबरून पाणी सोडतो, पण त्या पाण्यावर तेलाचा पापुद्रा नसल्याने ते टिकत नाही. वाहणारा डोळाही कोरडा असू शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

उपाय म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरतात; कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के हे त्यांतले नेहमीचे नाव. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले थेंब मागावेत, कारण परिरक्षक वारंवार डोळ्यांच्या नाजूक पृष्ठभागावर पडत राहते आणि तोच पृष्ठभाग दुखावतो. थेंब घालताना हात धुवावेत, मान मागे करून खालची पापणी अलगद ओढावी, बाटलीचे टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडावा आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि लेबलवर सांगितलेली मुदत संपली की ती टाकून द्यावी. रात्री जास्त त्रास होत असेल तर झोपण्यापूर्वी घालायचे जेल मिळते. त्याने काही वेळ धूसर दिसते, म्हणून ते अंथरुणात पडण्याच्या वेळीच घालावे.

काय घालू नये, हे तितकेच महत्त्वाचे आहे. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचे पाणी यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. डोळे पांढरेशुभ्र करणारे थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात आणि परिणाम ओसरला की लाली पुन्हा उसळते. मेडिकलवाल्याने ‘याने लगेच आराम पडेल’ म्हणून दिलेली बाटली स्टेरॉइडची असू शकते, आणि असे थेंब तपासणीविना वापरत राहिल्याने डोळ्यांचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, शिवाय मोतीबिंदूही होऊ शकतो. विशीतल्या मुलांच्या डोळ्यांचे असे नुकसान पाहताना फार वाईट वाटते, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे असते.

थेंबांच्या जोडीला दिवसातून एकदा-दोनदा पापण्यांना शेक द्यावा. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवावा आणि थंड झाला की पुन्हा बुडवावा. नंतर ओल्या कापसाने पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसाव्यात. काजळ आणि आयलायनर या काळात बंद ठेवावे. पापणीच्या आतल्या कडेला लावलेले काजळ त्याच ग्रंथींची तोंडे बुजवते.

आपल्या माळव्याची हवाही यात भर घालते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक असते आणि दुपारच्या झळा तोंडावर येतात. त्या दिवसांत स्कूटरवरून जाताना हेल्मेटची काच खाली असावी, आणि मागे बसणाऱ्याने बाजूंनी बंद असलेला गॉगल घालावा. कूलरचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येणार नाही, अशी अभ्यासाची आणि झोपण्याची जागा बदलावी. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर दूरवर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात.

कॉन्टॅक्ट लेन्सविषयी माझे मत ठाम आहे: औषध चालू असेपर्यंत चष्मा वापरावा. सगळ्यांनाच लेन्स असह्य होते असे नाही, पण कोरड्या डोळ्यावर लेन्स घासली की बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून जंतुसंसर्ग झाला तर डाग कायमचा राहू शकतो. घरच्या कार्यासाठी एखाद्या दिवशी घालायचीच असेल, तर काही तासच घालावी आणि डोळा जरा लाल दिसला तरी लगेच काढावी.

चौथी पायरी : रात्रीची दृष्टी

अंधारात पाहण्यासाठी डोळ्यांच्या पडद्याला अ जीवनसत्त्वापासून बनणारे एक रंगद्रव्य लागते. आयसोट्रेटिनॉइन त्या रंगद्रव्याच्या पुन्हा तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकते. हा त्रास थोड्यांनाच होतो, पण झाला तर अचानक जाणवतो. उजेडातून अंधाऱ्या जिन्यात गेल्यावर पायऱ्या दिसायला फार वेळ लागतो, किंवा बायपासवर समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यांवर येऊन गेल्यानंतर रस्ता बराच वेळ काळा राहतो. असे एकदा जरी झाले तरी त्या दिवसापासून रात्री गाडी चालवू नये. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊन मध्यरात्री परतायचे असेल तर मागे बसून यावे, आणि डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी कळवावे. रातांधळेपणा म्हटले की घरातली मोठी माणसे अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देतात. येथे तो उपाय उलटा पडतो. जेवणातली गाजरे खुशाल खावीत, गोळ्या मात्र नकोत.

थांबायचे केव्हा

पुढील लक्षणे कोरडेपणाची नव्हेत, आणि ती दिसली तर थेंब घालत बसू नये. डोके सतत दुखते, सकाळी किंवा आडवे झाल्यावर जास्त दुखते, उलट्या होतात, खाली वाकल्यावर क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी येते किंवा एकाचे दोन दिसतात, तेव्हा मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो आणि त्याने डोळ्यांची मुख्य नस सुजते. कॅप्सूल पुढे न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी डोळ्यांचे आणि त्वचेचे दोन्ही विभाग असतात. हा धोका आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र घेतल्याने वाढतो. पावसाळ्यात ताप आला आणि जवळच्या दवाखान्यात डॉक्सिसायक्लिन लिहून दिले गेले, असे सहज घडू शकते. पाकिटाचा फोटो दाखवायला सांगितला तो याच कारणासाठी.

एकच डोळा लाल होऊन ठणकणे, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे किंवा पापणी मिटूनही न जाणारी धूसरता येणे, या लक्षणांसाठीही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पाचवी पायरी : ओठ, नाक आणि चेहरा

ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात. पहिल्या दिवसापासूनच, ओठ फुटण्याची वाट न पाहता, पेट्रोलियम जेली दिवसातून सात-आठ वेळा आणि झोपताना जाड थराने लावावी. सालपटे ओढू नयेत, ओठांवरून जीभ फिरवू नये. कोपऱ्यांत पिवळसर खपली धरली तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळे मलम लागते. नाकातूनही रक्त येऊ शकते; रात्री नाकपुडीच्या आत जेलीचा पातळ हात फिरवावा. रक्त आलेच तर मान मागे टाकू नये, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग १० मिनिटे न सोडता दाबून धरावा.

चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य क्लेन्झरने आणि कोमट पाण्याने धुवावा. त्वचा ओलसर असतानाच, मुरूम न वाढवणारे असे लेबलवर लिहिलेले मॉइश्चरायझर लावावे. मुलतानी माती, लिंबू-बेसन आणि स्क्रब बंद. तेलकट त्वचेसाठी सुचवलेले ते उपाय आता तेल न उरलेल्या त्वचेवर चालत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम उलट वाढल्यासारखे वाटू शकतात. फार वाढले तर डॉक्टरांना दाखवावे, पण त्या भीतीने औषध सोडून देऊ नये.

उन्हाने त्वचा लवकर भाजते, आणि डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची तर अधिकच. एसपीएफ ३० किंवा त्यावरचे सनस्क्रीन लावावे आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरून चरचरते, म्हणून पापण्यांवर लावू नये. तेथे टोपी आणि गॉगल कामाला येतात. तोंडाला बांधायचा स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते.

वॅक्सिंगबद्दल विशेष इशारा द्यावासा वाटतो. या औषधाने त्वचा इतकी नाजूक होते की मेणाच्या पट्टीबरोबर तिचा पापुद्राही निघून येतो आणि व्रण राहतो. औषध चालू असताना आणि संपल्यानंतर ६ महिने वॅक्सिंग करू नये. लग्नाच्या आठवड्यात पार्लरची वेळ आधीच ठरलेली असते, म्हणून पार्लरवाल्या ताईंना औषधाचे नाव स्वतःहून सांगावे. ब्लीच आणि पीलही त्यांना डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू देऊ नये.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, इंदूरकरांना चुकवा म्हणणे मला स्वतःलाच जड जाते. तरी त्या एका वर्षी राजवाड्याची गेर वरच्या गॅलरीतून पाहावी असेच मी सांगते. खाली उतरायचेच ठरले तर लेन्स नको, गॉगल हवा, चेहऱ्याला जेलीचा थर हवा, आणि रंग घासून न काढता जितका निघेल तितकाच धुवावा.

सहावी पायरी : मलमे लावताना

अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे लावावे. सुरुवातीला एक रात्र सोडून लावावे. डोळ्यांपासून, नाकपुड्यांपासून आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून बोटभर अंतर ठेवावे आणि त्या जागी आधी मॉइश्चरायझर लावून कुंपण करावे. लावल्याबरोबर उशीवर पालथे झोपले की मलम पापणीपर्यंत पोहोचते. सकाळी पापण्या लाल आणि सुजलेल्या दिसण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून ते पांढरे वापरावेत. मलम डोळ्यांत गेलेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

मुरुमांवर आणि गोरेपणासाठी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या मिश्र क्रीमच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मुरूम दुप्पट होतात. महिनोन्‌महिने लावत आला असाल तर स्वतःहून एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावे.

औषध संपल्यानंतर

आयसोट्रेटिनॉइन शरीरातून लवकर निघून जाते आणि ओठांचा कोरडेपणा काही आठवड्यांत ओसरतो. डोळ्यांना मात्र अधिक वेळ लागू शकतो, काहींना तर थेंब बरेच महिने लागतात. रक्तदान औषधाच्या काळात आणि नंतर १ महिना करू नये. चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया करायची असेल तर साधारण ६ महिने थांबून, अश्रूंची तपासणी करून घेऊनच ठरवावे. लेन्स पुन्हा सुरू करण्यापूर्वी तपासणीला यावे, जुनी जोडी टाकून द्यावी आणि नवी लेन्स पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज एकेक तास वाढवत घालावी. ज्या तासाला टोचू लागेल, तेथेच त्या दिवसापुरते थांबावे.